दुरुस्त लिफ्ट दोन दिवस बंद

"अहो साळवी, नक्की बिघडलंय काय, ते तरी सांगा. लोक मला विचारतात. काय सांगू, लिफ्टला ताप आलाय?"

गुरुवारची सकाळ, साडेसहा. सानपाड्यातल्या बारा मजली सोसायटीचे सेक्रेटरी सावंत यांनी मला सातव्या मजल्याच्या जिन्यात गाठलं होतं. अंगात बनियन, हातात मोबाइल, आणि सात मजले चढून आल्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर एक थांबा.

मी म्हणालो, "पार्ट यायचाय."

हे खोटं होतं. पार्ट मंगळवारीच आला होता आणि बसवलाही होता. लिफ्ट मंगळवारी दुपारी पावणेबारालाच दुरुस्त झाली होती. ती बंद होती ती माझ्यामुळे.

मी लिफ्टच्या धंद्यात सत्तावीस वर्षं आहे. आमच्या कंपनीच्या वाशी ब्रांचला सर्व्हिस सुपरवायझर. लोकांना वाटतं, लिफ्ट म्हणजे दोरीला टांगलेली खोली आणि आमचं काम म्हणजे दोरी तुटू न देणं. दोरी तुटत नाही. आमची नव्वद टक्के डोकेदुखी दरवाजे असतात. प्रत्येक मजल्याच्या दरवाजावर एक छोटा कॉन्टॅक्ट असतो, म्हणजे दोन धातूचे तुकडे एकमेकांना टेकतात. दरवाजा नीट बंद झाला की ते टेकतात आणि लिफ्टला कळतं, आता निघायला हरकत नाही. बारा मजल्यांचे सगळे कॉन्टॅक्ट एका माळेत जोडलेले असतात. एक मणी निसटला की माळ तुटते, लिफ्ट जागच्या जागी उभी राहते. नवी मुंबईत खाडीची हवा त्या धातूला खाते. दर दोनतीन वर्षांनी कुठला तरी मणी गंजतो.

आता बारापैकी गंजलेला कुठला, ते शोधायचं कसं? त्यासाठी जम्पर असतो. वितभर वायर, दोन्ही टोकांना चिमटे. वर मशीन रूममध्ये पॅनल उघडायचं आणि एकेका मजल्याच्या कॉन्टॅक्टला जम्परने वळसा घालायचा. ज्या मजल्याला वळसा घातल्यावर लिफ्ट चालू लागेल, तिथे दोष. मग कॉन्टॅक्ट बदलायचा, आणि जम्पर काढायचा.

जम्पर काढायचा. हे दोन शब्द मी ब्रांचमधल्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवतो. कारण जम्पर राहिला तर लिफ्टला त्या मजल्याचा दरवाजा बंदच वाटतो, तो उघडा असला तरी. दरवाजा उघडा टाकून ती खुशाल निघून जाते.

दहा वर्षांपूर्वी नेरूळला एका चार मजली इमारतीत माझा जम्पर राहिला.

जुनी लिफ्ट होती, हाताने ओढायच्या दरवाजाची. मी दोन जम्पर लावले होते. मधेच ऑफिसचा फोन आला, बोलता बोलता एक काढला, पॅनल लावलं, खाली उतरून वहीवर सही केली आणि बाहेर चहा प्यायला गेलो. तळमजल्याचा दरवाजा किंचित उघडा राहिला होता आणि लिफ्ट तशीच वर गेली. सारसोळ्याची एक मासेवाली, चांगुणाबाई, डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटी असली की माणूस समोर बघतो, पायाखाली नाही. तिने दरवाजा ओढला आणि आत पाऊल टाकलं. आत लिफ्ट नव्हती. पाच फूट खोल खड्डा होता.

मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला. कंपनीने वकील दिला, तिचा इलाज केला, मला लेखी ताकीद दिली. आणि त्यानंतर ब्रांचमध्ये दोन नियम आले. पहिला, प्रत्येकाने लाल रंगाचे, नंबर घातलेले पाचच जम्पर बाळगायचे. काम सुरू करताना पाच मोजायचे, संपल्यावर पाच मोजायचे, वहीत लिहायचं. दुसरा, ज्याने जम्पर लावले त्यानेच शेवटची सही करायची. दुसऱ्याला करायची असेल तर त्याने अख्खी लिफ्ट पहिल्यापासून तपासायची, त्याला पूर्ण दिवस जातो. दोन्ही नियम मीच सुचवले होते. चांगले आहेत. गेल्या दहा वर्षांत आमच्या ब्रांचचा एकही जम्पर राहिलेला नाही.

फक्त मी राहिलो. इतरांचे पाच जम्पर दिसले की मी निर्धास्त असतो. माझे पाच दिसले की मला वाटतं, सहावा असेल. पाम बीच रोडवर निम्म्या वाटेवरून स्कूटर वळवून मी किती वेळा परत गेलोय, ते माझ्या बायकोला विचारा. ती जेवणाची ताटं दोन टप्प्यांत वाढायला शिकली.

तर मंगळवार. सातव्या मजल्याचा कॉन्टॅक्ट गंजला होता. बदलला. जम्पर मोजले, पाच. तीनदा तपासलं, ती माझी रीत. वरून खाली येऊन सही करायला पेन काढलं आणि तळमजल्यावर दरवाजा उघडला. समोर एक मासेवाली उभी. डोक्यावर पाटी. ही कोणी दुसरीच होती, चाळिशीची, पायात स्पोर्ट्स शूज.

"चालू झाली का रं दादा?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "नाही."

आणि वर मशीन रूममध्ये जाऊन मेन स्विच बंद केला. सोसायटीची दुसरी लिफ्ट नव्या यंत्रासाठी महिनाभर उघडून ठेवली होती, म्हणजे चालणारी ही एकच. ती मी बंद केली. बुधवारी परत पॅनल उघडलं, परत सगळं तपासलं, परत पाच. परत सही नाही. आणि गुरुवारी सकाळी साडेसहाला मी सावंतांशी खोटं बोलत होतो.

"पार्ट यायचाय तर येऊ दे," सावंत म्हणाले, "पण आत्ता या माझ्याबरोबर नवव्या मजल्यावर. खेडेकर सरांना खाली न्यायचंय. त्यांचं डायलिसिस आहे."

खेडेकर सर शाळेत गणित शिकवायचे. वय चौऱ्याहत्तर. सोमवार आणि गुरुवार त्यांचं डायलिसिस, सातला पोचायचं, बाराच्या आत परत. सोमवारी ते लिफ्टने गेले होते. आज त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. पुढे सावंत आणि वॉचमन, मागे मी आणि त्यांचे जावई.

"डावा हात सांभाळा," जावई म्हणाले. "त्याच हाताला सुई लावतात. धक्का लागता कामा नये."

सर मजेत होते, किंवा आम्हाला बरं वाटावं म्हणून मजेत होते. "साळवी, नऊ मजले गुणिले अठरा पायऱ्या. मी मोजतोय. तुम्ही चुकलात तर सांगीन." आठव्यावर त्यांनी विचारलं, "लिफ्टला झालंय काय हो?"

"पार्ट यायचाय, सर."

"बरं. पार्ट म्हणजे वेळ लागणारच."

त्यांनी विश्वास ठेवला, हे मला सर्वांत जास्त लागलं.

पाचव्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा मागचा पाय वाकला. माझ्याच बाजूचा. खुर्ची कलंडली, सर घसरले, सावंतांनी छातीवर झेलले. पण डावा हात भिंतीला घासला. सरांनी हात वर धरून बघितला. मनगटाच्या वर लाल ओरखडा.

"चालतंय," ते म्हणाले. आवाज मात्र बारीक झाला होता. "उरलेले मी बसून बसून उतरतो."

आणि ते उतरले. पंचाहत्तरीला आलेला माणूस पायरीवर बसत, सरकत पाच मजले उतरला. गाडीत बसताना सावंतांना म्हणाले, "परत आलो की मी सोसायटीच्या ऑफिसात बसून राहीन. लिफ्ट चालू झाली की वर. पुन्हा हा प्रकार नको."

गाडी गेली. सावंत माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तुमच्या मॅडमना फोन केलाय."

पाटणकर मॅडम आमच्या ब्रांच मॅनेजर. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, आणि साडीवर सेफ्टी शूज घालणारी माझ्या ओळखीतली एकमेव बाई. साडेआठला आल्या. बारा मजले चढून थेट मशीन रूममध्ये. माझी वही उघडली.

"मंगळवार. पाच घेतले, पाच परत. बुधवार. पाच घेतले, पाच परत. आज परत पॅनल उघडणार?"

"शंका आहे, मॅडम."

"कशाची?"

"सांगता येत नाही."

"मग तो फॉल्ट नाही, साळवी. फॉल्ट असला की सांगता येतो." त्यांनी वही मिटली. "आणि पॅनल जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा चुकायची संधी. हे तुम्हीच ट्रेनिंगला शिकवता. मीही तुमच्याकडूनच शिकले."

मी हातातले पाच जम्पर पुन्हा मोजू लागलो.

"ह्याच नोंदी दुसऱ्या कोणाच्या असत्या तर?"

"चालू केली असती."

"कधी?"

"मंगळवारी."

त्या तिथेच एका खोक्यावर बसल्या. खिडकीतून खाडीकडचा वारा येत होता. "मी तुमची फाइल वाचलीय," त्या म्हणाल्या. "नेरूळची. त्या बाईंना नंतर भेटलात?"

"नाही."

"का?"

"कंपनीने सांगितलं होतं. वकील म्हणाले, केस आहे, भेटायचं नाही."

"केस मिटून आठ वर्षं झाली. कंपनीच्या बाकीच्या कुठल्या सर्क्युलरचं तुम्ही इतकं ऐकलेलं मी पाहिलं नाही."

मी तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत अनेकदा गेलो होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर किराणा दुकान आहे. दर वेळी तिथे बिस्किटाचा पुडा घेऊन परत फिरायचो. त्या दुकानदाराला वाटत असेल, हा माणूस दुसरं काही खातच नाही.

"आता नऊ वाजलेत," मॅडम म्हणाल्या. "सर बाराला येतील. साडेअकरापर्यंत त्या बाईंना भेटून या आणि सही करा. नाहीतर मी पहिल्यापासून तपासणी सुरू करते. पण मग रात्र होईल, आणि तोवर सर ऑफिसातल्या बाकावर बसतील. तुमचं तुम्ही ठरवा."

सानपाड्याहून सारसोळे स्कूटरने पंधरा मिनिटं. या वेळी मी बिस्किटं घेतली नाहीत.

चांगुणाबाईचं जुनं घर गेलंय. त्या जागी मुलाने तीन मजली इमारत बांधलीय, वरच्या खोल्या भाड्याने. ती तळमजल्याच्या ओट्यावर पाय लांब करून बसली होती आणि सुपात जवळा निवडत होती. जवळा म्हणजे सुकवलेली बारीक कोलंबी, त्यातला कचरा वेचायला नजर लागते. केस पांढरे झाले होते. तिने मान वर केली, मला दोन क्षण न्याहाळलं आणि माझी दहा वर्षांची सगळी तयारी मोडीत काढली.

"अरं, तू लिफ्टवाला ना? माझ्या संगती खड्ड्यान बसलेला?"

मला काही कळेना.

"बस की. हकडं बस. सून, पानी आन गो." ती आत ओरडली आणि माझ्याकडे वळली. "तवा सगली वरशी वाकून बगत व्हती. तू एकला खाली उतारलास. माझा पाय मांडीव धरून बसलास, अँबुलन यईपरयंत. माझं बोंबील येचून येचून पाटीत भारलंस. मी दुखाचं वराडतंय नि तू बोंबील भरतंस. मना तवा बी हासू आयलं व्हतं."

मला खरंच आठवत नव्हतं. मला अँब्युलन्सचा लाल दिवा आठवत होता, पॅनलमध्ये लटकलेली ती वायर आठवत होती, तिचा आवाज आठवत होता. बोंबील नाही. दहा वर्षांत मी तो दिवस हजार वेळा पाहिला असेन, पण त्यात मी खड्ड्यात उतरलेला कधीच नव्हतो.

"समद्यांना सांगतंय मी," ती म्हणाली. "लिफ्टवाला लय चांगला मानूस."

इथे गप्प बसता आलं असतं. पाणी पिऊन, नमस्कार करून, चांगला माणूस म्हणून परत येता आलं असतं. खरं सांगतो, दोन सेकंद तसं मनात आलं.

"मावशी," मी म्हणालो, "ती चूक माझी होती. वायर मी विसरलो होतो. म्हणून दरवाजा उघडा असूनही लिफ्ट वर गेली."

तिचे हात सुपात थांबले. मग परत चालू झाले. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली, आमच्याकडे बघून ठेवून गेली.

"म्हंजे मना पारलास तो तूच?"

"हो."

"आनि मी धा वरसं तुझं नाव चांगलं घेतंय."

"हो."

मग तिने मला फैलावर घेतलं. आवाज चढवला नाही, हात थांबवला नाही. पायात सळी आहे. थंडीत ठणकते. पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणं गेलं, आता मार्केटला एका जागी बसावं लागतं, आणि एका जागी बसणं तिच्या स्वभावात नाही. "नि माझे पोरीची हलद झाली. समदी बाया नाचल्या. मी खुरचीव बसून टाल्या वाजवल्या. एकच पोर हाय मना. तिचे हलदीन मना नाचाया नाय गावलं." ती पहिल्यांदा थांबली. "हाड जोडलं डागदरनं. ती हलद कोन जोडल?"

दहा वर्षं मी तिच्या हाडाचा विचार केला होता. हळदीचा केला नव्हता.

"मला माफ कराल का, मावशी?"

"ते मना आज कसं ठावं? आजच आयकलं." तिने सूप झटकलं. "मना येल लागंल. आनि आज कामधाम टाकून कशाला आयलास?"

मी सांगितलं. मासेवाली, मेन स्विच, खेडेकर सर, वाकलेली खुर्ची, हाताला लागलेला ओरखडा. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. रागावलेला होताच, आता अचंबित झाला.

"म्हंजे मी एकली परले म्हनून तू आख्खी बिल्डिंग चालाया लावलीस? आजारी मानसाला बी?"

"हो."

"माझ्या नावानं?"

याला मी हो म्हणू शकलो नाही.

"आयक," ती म्हणाली. "वायर इसारलास तो बी तूच, नि खड्ड्यान बसलास तो बी तूच. मी दोगांना वलखतंय. तू एकालाच धरून बसलास. माझा राग माझ्याकरं ऱ्हाऊ दे, तो मी बगीन. तुझं तू बग. नि आता उठ. तो म्हातारा यईल."

निघताना तिने जवळ्याची पुडी हातात दिली. मी नको म्हणालो. "माफी नाय ती," ती म्हणाली. "जवला हाय. कांदा घालून कर."

स्कूटरवर बसलो तेव्हा हलकं वगैरे काही वाटत नव्हतं. पण एक गोष्ट स्पष्ट झाली होती. माझी समजूत होती की इतकी वर्षं मी स्वतःला शिक्षा करतोय. त्या सकाळी ती शिक्षा खेडेकर सर पायरी पायरीने बसत भोगून गेले होते. मी फक्त बघत होतो. आणि ज्या माणसाला मी रोज दोषी ठरवत होतो, त्याची अर्धी साक्ष मी कधी घेतलीच नव्हती.

सव्वाअकराला पोचलो. मॅडम जिन्यात बसून लॅपटॉपवर काम करत होत्या. मी मशीन रूममध्ये गेलो. हात पॅनलकडे गेला. सवय. झाकणाचा पहिला स्क्रू अर्धा फिरवला, आणि परत घट्ट केला. जम्पर मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. मेन स्विच चालू केला, वरून खाली एक फेरी मारली, प्रत्येक मजल्यावर थांबून. तळमजल्यावर वही मांडीवर घेतली आणि सही केली. सही वाकडी आली. वाकडी सहीसुद्धा नियमात बसते.

पावणेबाराला खेडेकर सर आले. हाताला पट्टी होती, ओरखडा वरवरचा निघाला होता, सुई व्यवस्थित लागली होती. सावंतांनी स्वतः दरवाजा धरला. मी बरोबर वर गेलो.

"आला वाटतं पार्ट," सर म्हणाले.

"पार्ट मंगळवारीच आला होता, सर. मीच चालू करत नव्हतो. माझी चूक. तुम्हाला खोटं सांगितलं."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. सातवा मजला गेला, आठवा गेला. "उदाहरण बरोबर सोडवून पेपर न देणारी मुलं असायची माझ्या वर्गात," ते म्हणाले. "घंटा झाली तरी खोडरबर घेऊन बसलेली. बरोबर उत्तर खोडून यायची कधी कधी." नववा आला. ते उतरले आणि मागे वळून म्हणाले, "पुढच्या वेळी मात्र खुर्ची लाकडी आणा."

सावंतांनी संध्याकाळी ब्रांचला तक्रारीची मेल पाठवली. पूर्णपणे योग्य होती. मला दुसरी लेखी ताकीद मिळाली, या वेळी लिफ्ट विनाकारण बंद ठेवल्याबद्दल. माझ्या फाइलमध्ये आता दोन कागद आहेत. एक कमी तपासल्याचा, एक जास्त तपासल्याचा.

ट्रेनिंगमध्ये मी नेरूळची घटना नेहमी सांगायचो, "एका टेक्निशियनकडून एकदा असं झालं" म्हणून. गेल्या महिन्यापासून "माझ्याकडून" म्हणतो. पोरं जास्त लक्ष देऊन ऐकतात. त्यांना मी खड्ड्याचंही सांगतो, बोंबलांसकट. स्कूटर अजून वळते कधी कधी, पण परत इमारतीपर्यंत न जाता सिग्नललाच भान येतं. चांगुणाबाईकडे दोनदा जाऊन आलो. माफीचं विचारलं तर म्हणते, "बगू." मी पुन्हा विचारणार नाही. ती तिची वेळ आहे. माझ्या सहीला तिच्यासाठी थांबता येत नाही.

नव्या माणसांसाठी धंद्यातली एक गोष्ट सांगून ठेवतो. लिफ्ट तीनदा तपासा, त्यात कंटाळा करू नका. चौथ्यांदा तपासावीशी वाटली तर समजा, ती तपासणी लिफ्टची नाही, आणि तिचे जिने दुसऱ्याच कोणाला तरी उतरावे लागणार आहेत.